‘निर्घृण’मध्ये नेमकं काय नसतं?

एडवणला घरी असलो की सकाळी फोनवर जिल्ह्याच्या बातम्या वाचतो. खुनाची बातमी असेल तर ‘हत्या’च्या आधी ‘निर्घृण’ ठरलेला. दिवाळीच्या आधी ‘शुभ’ यावा तसा. इतक्यांदा वाचून तो डोळ्यांना दिसेनासाच झाला होता. मग एकदा भाच्याने विचारलं, “मामा, घृणा म्हणजे तिरस्कार ना? मग निर्घृण म्हणजे तिरस्कार नसलेला?”

प्रश्न रास्त आहे. आज ‘घृणा’ म्हटलं की आपल्याला किळस, तिरस्कारच आठवतो. हिंदीमुळे तो अर्थ आणखी पक्का झाला. संस्कृतात मात्र हा शब्द दोन्हीकडे चालतो. अमरकोशात घृणा करुणा, कृपा, दया यांच्याच रांगेत बसली आहे. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरच्या आक्षेपाचा विचार करताना ‘नैर्घृण्य’ येतं, तेही निर्दयपणा याच अर्थाने. म्हणजे ज्याच्यात कणव उरली नाही, तो निर्घृण.

हे कळल्यावर शेजारचे शब्दही तपासले. ‘क्रूर’चं मूळ रक्ताशी, कच्च्या मांसाशी जोडलेलं, इंग्रजीतला ‘क्रुएल’ त्याचा लांबचा भाऊबंद. ‘पाशवी’ दोष जनावरावर ढकलतो. ‘अमानुष’ तर माणसाला सोडूनच देतो: हे माणसाचं कामच नव्हे!

16 एप्रिल 2020 ला आमच्याच जिल्ह्यात, गडचिंचले इथे, जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. टाळेबंदी होती, चोर फिरताहेत अशा अफवा होत्या. त्या प्रकाराला ‘अमानुष’ म्हणणं सोपं आणि सोयीचंही. पण मारणारी माणसंच होती. अफवेवर विश्वास ठेवणं, घाबरणं, गर्दीत चेव येणं, हे सगळं माणसाचंच. त्या रात्री कमी पडली ती कणव. नेमकं तेवढंच ‘निर्घृण’ सांगतो, आणि मारणाऱ्याला माणसांतून बाहेर काढत नाही. कणव असू शकली असती, हे गृहीत धरूनच तो दोष देतो.

म्हणून तो सरसकट प्रत्येक खुनाला चिकटवू नये. समोरचा हाती सापडलेला आहे, एकटा आहे, विनवतो आहे, थांबायला वाव आहे, तरी हात थांबत नाही, तिथे तो लिहावा. बाकी ठिकाणी नुसतं ‘खून’ म्हटलं तरी पुरेसं भयंकर आहे.

भाच्याला एवढंच सांगितलं, “तिरस्कार नाही रे, दया नसलेला.” तो म्हणाला, “मग तसंच का लिहीत नाहीत?”