झाडीपट्टीच्या चाली कुणाच्या नावावर?

धान घरात आलं की वडसा जागं होतं. वैनगंगेकाठच्या या गावात, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजात, नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत मंडईला आणि शंकरपटाला लागणारी नाटकं इथूनच ठरतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. २०२३मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईनेही या रंगभूमीकडे मान वळवली. पण जे लिहिलं गेलं ते गर्दीवर, उलाढालीवर, नटांवर. रंगमंचासमोर ऑर्गन-तबला घेऊन रात्र काढणाऱ्यांवर जवळपास काहीच नाही. मला हे खटकतं, कारण झाडीपट्टीचं नाटक गाण्यावर उभं आहे.

दंडार या लोकनाट्याचा ठेका, नाट्यपदाची आलापी, लावणीची उठावण आणि सिनेमाची चाल एकाच रात्री एकाच पेटीतून निघतात. हा मेळ साधला की तीन तासांनी पेंगुळलेला प्रेक्षक पुन्हा ताठ बसतो. अलीकडे मात्र हा मेळ वारंवार फसतो. कथेशी नातं नसलेला नाच मध्येच येतो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड गायकाचा आवाज झाकतात आणि लोकप्रिय चालीवर नवे शब्द बसवून काम भागवलं जातं. प्रत्येक हंगामाला नवं नाटक हवं. चाल पिकायला वेळ मिळत नाही.

माणसं मात्र एकमेकांत घट्ट गुंतलेली आहेत. अनिरुद्ध वनकर नाटककार आहेत आणि गायकही. नवरगावचे सदानंद बोरकर नाटक लिहितात आणि बसवतातही. वादक एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जातात आणि चालीही त्यांच्याबरोबर फिरतात.

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनभाषक संगीतकारांचंही असंच होतं. शूबर्ट १८२८मध्ये गेला. त्याची मोठी सिंफनी भावाच्या घरी पडून होती. ती शूमानच्या हाती लागली आणि १८३९मध्ये मेंडेलसोनने लाइप्झिगला वाजवून घेतली. १८५३मध्ये शूमानने विशीतल्या ब्राम्सवर लेख लिहून त्याला जगापुढे आणलं. शूमान गेल्यावर त्याच्या समग्र रचना पत्नी क्लाराने संपादित केल्या, ब्राम्सच्या मदतीने. मैत्री होतीच, पण तिच्या हाताशी कागद होता, छापखाना होता, समीक्षा होती.

आपल्याकडे ‘मानापमान’च्या (१९११) पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, हे रसिक आजही सांगतो. टेंब्यांनी स्वतः आठवणी लिहिल्या, बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या, मास्तर कृष्णरावांनी गुरू भास्करबुवांची चाल पुढे नेली. संगीत नाटकाचा तोच वारसा झाडीपट्टीत तिकीट विकून जिवंत आहे आणि तिथेच चाल बांधणारा निनावी राहतो.

हे बदलायला मोठा निधी लागत नाही. जाहिरातीत नटांबरोबर संगीत देणाऱ्याचं नाव ठळक छापावं. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, जुन्या पेटीवाल्यांना बसवून चाली ध्वनिमुद्रित कराव्यात आणि स्वरलिपीत उतरवाव्यात. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. संहितांबरोबर स्वरलिपीच्या वह्यांनाही तिथे कपाट मिळावं. सुरुवात सर्वांत वयस्क वादकांपासून करावी, कारण दंडारीतून नाटकात आलेले ठेके त्यांच्याच हातात आहेत.