शिपायाची गोष्ट आणि परवानगी

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे इंग्रजी आत्मचरित्र मी नुकतेच, शब्दकोश जवळ ठेवून, दुसऱ्यांदा वाचले. पहिल्या खेपेस मन ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत गुंतले होते. या खेपेस मात्र प्रकाशनाच्या सालापाशी अडले : 1986.

1959 साली पूर्व विभागाचे सेनापती असताना थोरातांनी, चीनने ईशान्य सीमेवर हल्ला केल्यास काय होईल, याचे टिपण वर धाडले होते. 1960 च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या युद्धसरावात तेच त्यांनी मांडून दाखविले. संरक्षणमंत्र्यांनी ते मनावर घेतले नाही. 1961 साली थोरात निवृत्त झाले आणि 1962 च्या ऑक्टोबरात चीनचा हल्ला झाला. ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रातून वाचकांच्या हाती पडली ती हल्ल्यानंतर 24 वर्षांनी!

थोरातांची लेखणी संयमी आहे. मला तिचा आदर वाटतो. पण तीच मला अपुरीही वाटते. टिपणातला सेनापती दिसतो. ते टिपण बाजूला पडल्यावर घरी आलेला माणूस मला हवा तेवढा भेटत नाही. जन्मभर मोजके बोलण्याची सवय पेन्शनीतही सुटत नसावी.

ही सवय नियमाने लावलेली आहे. 1950 च्या लष्कर कायद्याखालील 1954 च्या नियमांप्रमाणे सेवेतील माणसाला सेवेच्या विषयावर सरकारच्या परवानगीवाचून लेख किंवा पुस्तक छापता येत नाही. 2020 च्या जुलैत सैनिकांना मोबाइलवरील फेसबुकसह 89 ॲप काढून टाकण्याचा हुकूम झाला. माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांचे आत्मचरित्र 2024 च्या आरंभी यायचे होते. तेही तपासणीसाठी अडून राहिले.

ठावठिकाणा शत्रूला कळू नये, हे कोण नाकारील? पण गुपित वेगळे आणि अनुभव वेगळा. पलटणीचा क्रमांक खोडा, ठाण्याचे नाव खोडा. थंडी राहू द्या, भीती राहू द्या. त्यांनी शत्रूला काय मिळणार? शिवाय जनरल उतारवयात का होईना, लिहितो. सैनिक टाकळीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेल्या शिपायांची पुस्तके आमच्या मराठी फळीवर कितीशी आहेत?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी रजेवर आला होता. बर्फातल्या एका रात्रीची हकीकत त्याने सांगितली. मी म्हणालो, ‘‘लिही रे हे.’’

‘‘नको गुरुजी, पेन्शनला अजून नऊ वर्षं हाईत.’’

ती रात्र माझ्या कादंबरीत घालण्याचा मोह मला फार झाला. घातली नाही. ती त्याची आहे.

यंदा पाडव्याला वहीपूजन कराल, तेव्हा घरातल्या शिपायासाठी एक कोरी वही जास्त आणा. आज छापायची घाई नाही. लिहून घरच्या ट्रंकेत राहू द्या. नऊ वर्षांनी तरी ती सापडली पाहिजे.