वृत्तलेखनातील ‘फिल्डिंग’

मराठी दैनिकाच्या एकाच अंकात क्रीडापृष्ठावर ‘क्षेत्ररक्षण’ आणि राजकीय वार्तापत्रात ‘फिल्डिंग’ असे दोन शब्द शेजारी नांदताना आढळतात. मूळ इंग्रजी शब्द एकच. परंतु खेळाच्या वर्णनातून तो हद्दपार झाला आणि जेथे खेळ नाही तेथे स्थिरावला. ‘बॅटिंग’ची गतीही अशीच झाली आहे. फलंदाज फलंदाजी करतो. बॅटिंग करतो तो पाऊस. बाळ ज. पंडित यांच्या धावत्या वर्णनांनी क्रिकेटची मराठी परिभाषा कानांच्या सरावाची केली, आणि मोकळा पडलेला इंग्रजी शब्द लक्षणेच्या कामी आला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा शब्द मराठीत उपरा राहिलेला नाही. मुळातील दीर्घ स्वर जोडाक्षरापूर्वी ऱ्हस्व लिहिला जातो, हा आपल्या लेखननियमांचाच प्रभाव होय. ‘मीटिंग’, ‘सेटिंग’ यांच्याप्रमाणे तो स्त्रीलिंगी झाला. (‘ट्रेनिंग’ मात्र नपुंसकलिंगी का, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू.) विशेष म्हणजे राजकीय अर्थाने फिल्डिंग कोणी ‘करीत’ नाही, ती ‘लावली’ जाते. सापळा, वशिला, पाळत, वर्णी हे शब्दही ‘लावणे’शी जोडले जातात. अर्थात कर्तृत्व चेंडू अडविणाऱ्याचे नसून माणसे जागोजागी उभी करणाऱ्या कर्णधाराचे आहे. उमेदवारी वा मंत्रिपद इच्छिणारा मनुष्य खरे तर धावा जमविणारा. तरीही त्याला फलंदाज न म्हणता क्षेत्ररक्षणाची रचना करणारा मानावे, यात मराठी भाषकाची निरीक्षणशक्ती दिसते. पद वरून पडावयाचे आहे. ते झेलण्यास योग्य जागी योग्य माणूस हवा. तरुणांच्या बोलीत चौकात ताटकळणाऱ्या प्रेमिकाचीही ‘फिल्डिंग’ असते, तिच्यातही हीच प्रतीक्षा आहे.

बोलीत हे रूपक चपखल आहे. आक्षेप आहे तो बातमीतील उपयोगास. ‘अमुक यांनी उमेदवारीसाठी जोरदार फिल्डिंग लावली आहे’ या घडणीच्या वाक्यातून वाचकास नेमके काय कळते? अरबीतून आलेला ‘वशिला’ मध्यस्थाकडे बोट दाखवितो. ‘खटपट’ श्रम सांगते. फारसी ‘मोर्चा’पासून सिद्ध झालेली ‘मोर्चेबांधणी’ उघड तयारी सुचविते. ‘गुडघ्याला बाशिंग’ उतावीळपणाची थट्टा करते. ‘फिल्डिंग’मध्ये हे सारे सामावते, म्हणूनच त्यातील एकाचीही हमी बातमीदारावर येत नाही. भेट कोणाची घेतली, शब्द कोणी टाकला, देवघेव झाली की केवळ विनवणी, हे सांगावयाचे झाल्यास पुरावा लागतो. ‘फिल्डिंग’ला तो लागत नाही. शिवाय शब्दाला खेळाचा गंध असल्याने आरोप केल्याचे समाधान मिळते आणि आरोपीही हसून सोडून देतो.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. शिरूर तालुक्यातील न्हावरे येथे रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्याच्या निवडणुकीत सभासद हा प्रेक्षक नसतो. त्याचा ऊस, त्याचे भाग-भांडवल आणि त्याचे मत गुंतलेले असते. संचालकपदाच्या इच्छुकांसाठी कोण कोणाकडे रदबदली करीत आहे, ही त्याच्या हिताची माहिती होय. तेथे ‘इच्छुकांची फिल्डिंग’ एवढेच छापले, तर ज्याला हिशेब मागावयाचा त्याला आपण स्टेडियमात बसविले, असे होते. गावच्या पारावर हा शब्द उच्चारणाऱ्यास नावे ठाऊक असतात, ऐकणाऱ्यासही असतात. छापील मजकुरातून नेमकी तीच गळतात.

गुन्हेवार्तेतील उपयोग मात्र वेगळा काढला पाहिजे. पोलिसांनी बसस्थानकाच्या दोन्ही फाटकांवर साध्या वेषातील माणसे उभी करून संशयितास धरले, अशा वृत्तात ‘फिल्डिंग लावून’ हे शब्द आले तर ते खटकत नाहीत. तेथे जागा सांगितलेली असते, माणसे सांगितलेली असतात, आणि कोण पकडला गेला हेही पुढच्याच ओळीत दिलेले असते.