काठावर गेलेली शिवण

आईच्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून घरात गोधडी शिवली जाते, अंगावर वापरून विरते. तिच्यावर शिवणारीचे नाव नसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकर्ती फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांनी ही अनाम कला संग्रहालयाच्या भिंतीवर नेली. त्यांची खापरपणजी गुलामगिरीत जन्मली होती आणि मळ्याच्या मालकांसाठी गोधड्या शिवीत असे.

रिंगगोल्ड यांची पहिली गोधडी ‘एकोज ऑफ हार्लेम’ (१९८०). ती त्यांनी आपली आई विली पोझी यांच्यासमवेत केली. आई हार्लेममध्ये पोशाखांची रचना व शिवण करीत असत. लेकीने रंगविलेले तीस चेहरे आणि भोवतालचे कापडाचे तुकडे यांना येथे सारखेच मोल आहे. एक हात रंगविणारा, दुसरा शिवणारा; दोहोंत थोरला कोणता, हे सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, आई निवर्तल्या.

‘टार बीच’ (१९८८) ही त्यांची अधिक गाजलेली कृती. आकार सुमारे १९० बाय १७४ सेंटिमीटर. मध्ये कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांतील चित्र, भोवती ठिगळांचा काठ, वर आणि खाली लिहिलेली कथा. साल १९३९. उन्हाळ्याच्या रात्री डांबरी गच्चीवर अंथरुणात पडलेली आठ वर्षांची कॅसी मनाने जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडते. तो पूल बांधणाऱ्यांत तिचा बापही होता. पण वर्णामुळे कामगार संघटनेची दारे त्याला बंद होती.

येथे एक आक्षेप घ्यावासा वाटतो. या कृतीत चित्राने मध्य बळकावला आणि शिवण काठावर गेली. चौकटीऐवजी ठिगळे लावली म्हणून चित्राची गोधडी होते काय?

उत्तर कॅसीच्या अंथरुणात आहे. ही कथा निजेची आणि स्वप्नाची आहे. ती पांघरुणावरच सांगणे उचित होते. म्हणून रूप आशयातून आले, हे मान्य करावे लागते. तरीही आईचा हात नसल्याची उणीव मला काठाकाठाने जाणवत राहते.

योहानच्या शुभवर्तमानात प्रभूचा झगा बिनशिवणीचा, अखंड विणलेला आहे. गोधडीची एकता निराळी. ती फाटलेल्यांना जोडून येते. रिंगगोल्ड यांनी ते जोडकाम प्रथम आईसमवेत केले. आपल्या घरातल्या गोधड्या कोणी शिवल्या, हे विचारण्याइतका वेळ अजून आपल्या हाती आहे.