पूर्वज आणि पलटण

कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्राएल समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्यें लिहून पुरा झाला, परंतु छापून निघाला १९३७ मध्यें, तेल अवीव येथें, ग्रंथकाराच्या पश्चात्. विषय नागोठण्याच्या आसपासच्या वाचकांस परका नाहीं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं आडनांवें त्याच मुलखांतलीं. आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांस ‘शनवार तेली’ हें नांव कोंकणानेंच दिलें.

आपले पूर्वज ख्रिस्तपूर्व काळीं छळास कंटाळून निघाले, नवगांवच्या किनाऱ्याजवळ त्यांचें गलबत फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचलीं, ही परंपरा ग्रंथकार इतिहास म्हणून मांडतात. श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. पण लेखी पुराव्यावांचून शतकें ओलांडणें इतिहासकारास शोभत नाहीं. याउलट कंपनीच्या पलटणींत चाकरी केलेल्या स्वजनांविषयीं ते लिहूं लागले कीं कथनास आधार सांपडतो. सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत कैद झाले, सुटून आले, आणि १७९६ मध्यें त्यांनीं मुंबईंत समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. येथें हाडामांसाचा माणूस दिसतो.

मात्र आमचा मुख्य आक्षेप याच भागावर आहे. हुद्द्यांचा हिशेब ग्रंथकार अशा अभिमानानें देतात, कीं कुळाची थोरवी जणूं धन्याच्या दप्तरानेंच ठरावी. ही वृत्ति सार्वत्रिक आहे. १७१० मध्यें न्यूयॉर्क वसाहतींत उतरलेले पॅलाटिनेटचे जर्मन पुढच्याच वर्षीं इंग्रजांच्या कॅनडावरील स्वारींत सामील झाले. त्यांचे वंशजही मूळ पुरुषाचा शोध सैनिकांच्या यादींत घेतात. पूर्वज कोणाच्या कामास आला, एवढेंच अशी यादी सांगते. आणि धन्याचा भरंवसा तरी किती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलटणींतील कंपन्या जातवार होऊं लागल्या, तेव्हां या लहानशा समाजास तेथें पूर्वींची जागा राहिली नाहीं.

घाण्यावर राबून शनिवार पाळणाऱ्या तेल्यास सुभेदारी मिळाली नाहीं. समाज टिकला तो मात्र त्याच्या नेमामुळें. त्याची कहाणी ग्रंथांत अधिक विस्तारानें यावयास हवी होती. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, तीं कोंकणांतील गांवांचीं नांवें आडनांवांत घेऊन. आतां मागें वळून पाहतांना, हा समाज स्वतःविषयीं काय समजत होता हें जाणण्यास या ग्रंथासारखें साधन नाहीं. रायगड जिल्ह्यांतील वाचनालयांनीं तो अवश्य संग्रहीं ठेवावा.