मराठी अभ्यासग्रंथ : लेखक आहेत, संपादक नाहीत

मराठीत इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांची पुस्तके आज चार वाटांनी येतात. सरकारी मंडळे, विद्यापीठे, पुण्यामुंबईचे खासगी प्रकाशक आणि चळवळींच्या आधाराने उभी राहिलेली छोटी प्रकाशने. पुस्तकांच्या संख्येकडे पाहिले तर हा व्यवहार थंडावला आहे असे कोणी म्हणणार नाही. वाण आहे ती वेगळ्या गोष्टीची. हस्तलिखित प्रकाशकाकडे गेल्यावर त्या विषयाच्या जाणकाराने ते वाचावे, आधार तपासावेत, पसरट प्रकरण आटोपशीर करायला लावावे, गरज पडल्यास साभार परत करावे, ही मधली पायरीच बहुतेक ठिकाणी उरलेली नाही.

ही पायरी मराठीला परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात दक्षिणा प्राइज कमिटीकडे पुस्तके येत, ती तपासली जात आणि पसंत पडलेल्यांना बक्षीस मिळे. रामकृष्ण विश्वनाथांचे हिंदुस्थानच्या स्थितीवरील आर्थिक विवेचन १८४३ चे, हरि केशवजींचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ चे. विद्यापीठ स्थापन होण्याआधीच मराठीत अर्थशास्त्र लिहिले जात होते. पुढे राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने काढली. त्यांच्या प्रस्तावना हे स्वतंत्र ग्रंथच ठरले. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची कंपनी काढली आणि पगारी संपादकवर्ग बसवून तेवीस खंडांचे काम १९२० च्या दशकात तडीस नेले. केतकरांच्या मतांशी भांडता येते, पण त्या कारखान्याची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. संपादन हे पैसे मोजून करून घेण्याचे काम आहे, हे तेथे गृहीत होते.

राज्य झाल्यावर सरकारने हीच वाट धरली. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये याच मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केले. वाईला विश्वकोशाचे काम सुरू झाले, पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. चाळीस वर्षे लागली म्हणून त्याची चेष्टाही झाली, पण नोंद लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि भाषा एकसारखी करणारा वेगळा, ही शिस्त त्या खंडांत पानोपानी दिसते. खासगी प्रयत्नांतही असे काम झाले. दे. द. वाडेकरांचा तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश आणि स. मा. गर्गे यांचा भारतीय समाजविज्ञान कोश ही त्याची ठळक उदाहरणे.

विद्यापीठीय पुस्तकांची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. १९६० च्या दशकाअखेरीस केंद्र सरकारने भारतीय भाषांत विद्यापीठ स्तरावरील ग्रंथ काढण्यासाठी राज्यांना एक कोटी रुपयांपर्यंत निधी देण्याची योजना आणली. गुजरातेत युनिव्हर्सिटी ग्रंथ निर्माण बोर्ड, केरळात भाषा इन्स्टिट्यूट, राजस्थानात हिंदी ग्रंथ अकादमी अशा संस्था त्यातून उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथ निर्मिती मंडळ निघाले. त्या मंडळाची पुस्तके आज महाविद्यालयांच्या जुन्या कपाटांत आणि रद्दीच्या दुकानांत भेटतात. छपाई साधी, किंमत माफक, लेखक बहुधा विषय शिकवणारा प्राध्यापक. सगळीच काही उत्तम नव्हती. काहींत इंग्रजी क्रमिक पुस्तक मराठी वाक्यांत घातल्याचा वास येतो. तरीही तर्कशास्त्र किंवा समाजशास्त्रीय संशोधनपद्धती मराठीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची तर कित्येकांना त्यांच्यावाचून दुसरा आधार नव्हता. गुजरात आणि केरळ यांच्या संस्था आजही नवी पुस्तके काढतात. नागपूरच्या मंडळाचे नाव नव्या विद्यार्थ्याने ऐकलेलेही नसते.

ही पोकळी काही अंशी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने भरली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पुस्तके शिक्षकाविना अभ्यास करणाऱ्यासाठी लिहिलेली असतात आणि त्यांवर लेखकाबरोबर संपादकाचेही नाव छापलेले असते. पदवीच्या पातळीवर मराठीत पद्धतशीर तयार झालेला मजकूर आज बव्हंशी याच प्रकारचा आहे. त्याची मर्यादाही उघड आहे. तो अभ्यासक्रमाच्या घटकांत बांधलेला असतो आणि स्वतंत्र संशोधन मांडणे हे त्याचे काम नव्हे.

स्वतंत्र संशोधनाचा भार खासगी आणि चळवळीच्या प्रकाशनांवर पडला. पॉप्युलर, कॉन्टिनेन्टल, मौज आणि ग्रंथाली यांनी ललित पुस्तकांच्या विक्रीवर वैचारिक पुस्तके तगवली. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांचे ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ ग्रंथालीने काढले. लोकवाङ्मय गृहाने मार्क्सवादी इतिहासलेखन मराठीत आणले, पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने विलास वाघ यांच्या चिकाटीने फुले–आंबेडकरी विचारांची पुस्तके सातत्याने दिली आणि साताऱ्याच्या लोकायतने आ. ह. साळुंखे यांचे लेखन लोकांपर्यंत नेले. यांतल्या कित्येक पुस्तकांची गुणवत्ता विद्यापीठीय प्रकाशनांपेक्षा सरस आहे. ती परीक्षेसाठी लिहिलेली नव्हती, वादासाठी लिहिलेली होती, आणि वादात उतरणारा लेखक आपले आधार स्वतःच पक्के करतो. डायमंड पब्लिकेशन्ससारख्यांनी विषयवार कोश व संदर्भग्रंथ काढून दुसरी बाजू सांभाळली. या सगळ्यांच्या शेजारी स्पर्धापरीक्षांची बाजारपेठ वाढली. राज्यशास्त्राचे पुस्तक आता पुष्कळदा प्रश्नपत्रिकेच्या क्रमाने लिहिले जाते आणि खपतेही तेच.

बहुतेक मराठी अभ्यासग्रंथांचे श्रेयपान नीट वाचले तर सगळा व्यवहार उलगडतो. तेथे अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव असते, मुखपृष्ठकाराचे असते, मुद्रकाचा पत्ता असतो, आयएसबीएन क्रमांक असतो. संपादकाचे नाव नसते. मागे नामसूची नसते, विषयसूची तर नसतेच. चारशे पानांच्या इतिहासग्रंथात एखादे गाव कोठे आले आहे हे शोधायचे तर सगळी पाने उलटावी लागतात. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये जुळवलेला असला तर फाइल युनिकोडमध्ये नेताना अक्षरांची मोडतोड होते, म्हणून संगणकावर शोधही लागत नाही आणि पुढच्या आवृत्तीत सूची जोडण्याचा खर्च प्रकाशक टाळतो.

आयएसबीएनची मातब्बरी तर गमतीची आहे. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले आणि क्रमांक असलेले पुस्तक म्हणजे संशोधन, असा समज महाविद्यालयांत रुजला. परिसंवादातले निबंध एकत्र बांधून, लेखकांकडूनच पानामागे पैसे घेऊन काढलेल्या संग्रहांचे पीक त्यातून आले. २०१८ च्या नियमावलीतील तक्ता याहून बोलका आहे. मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२. आठ पानांच्या निबंधाने जे मिळते त्यासाठी पाच वर्षे खपून ग्रंथ लिहिणारा प्राध्यापक विरळाच, यात त्याचा दोष थोडा आणि तक्त्याचा मोठा आहे.

मराठीत निबंध परखून घेणारी नियतकालिके होती आणि काही अजून आहेत. वाईचे ‘नवभारत’, पुण्याची ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’. महत्त्वाच्या मराठी ग्रंथांची पहिली सविस्तर परीक्षणे अनेकदा यांतच आली. ही नियतकालिके वर्गणीवर आणि संपादकांच्या विनावेतन श्रमांवर चालतात. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी आणली आणि २०२५ मध्ये ती मागेही घेतली. या येरझारांत त्यांच्या अडचणीत भरच पडली.

या व्यवस्थेत एखाद्या विशिष्ट परिसराचे ज्ञान कोठे जाते, हे रायगड जिल्ह्यातील खालापूर–कर्जत पट्ट्यावरून समजते. पाताळगंगेच्या काठी रसायनी आणि मोहोपाडा येथे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना १९७० च्या सुमारास उभा राहिला, भोवती औद्योगिक वसाहत वाढली आणि २०१७ मध्ये केंद्राने कारखान्याचा बहुतांश भाग बंद करण्याचा निर्णय घेतला. भातशेतीचे गाव, मग कामगार वसाहत, मग कंत्राटी मजुरी असा दोन पिढ्यांचा पट एकाच तालुक्यात सापडतो. श्रमाच्या समाजशास्त्राला याहून चांगला विषय मिळणार नाही. महाविद्यालयांत त्यावर प्रकल्प अहवाल होतात, ते गुणपत्रिकेपुरते जगतात आणि कपाटात पडून राहतात. अहवालाचा ग्रंथ करून देणारा संपादक मध्ये कोणी नाही.

याच जिल्ह्यातल्या डोंगरपायथ्याच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर मात्र चांगले काम झाले आणि ते दोन वेगळ्या दिशांनी छापले गेले. मिलिंद बोकील यांचे ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ मराठीत आले, मौजेकडून. ते गावातल्या वाचनालयात पोहोचू शकते आणि वाडीवरच्या कार्यकर्त्यालाही वाचता येते. दुसरे पुस्तक ‘फायटिंग इव्हिक्शन’. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगडातील कातकऱ्यांच्या घराखालच्या जमिनीच्या हक्कांवर, वाडीतल्या लोकांना बरोबर घेऊन केलेल्या संशोधनाचे हे फलित केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०१३ मध्ये इंग्रजीत काढले. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे हस्तलिखित बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले जाते, सूची होते आणि पुस्तक जगभरच्या ग्रंथालयांत जाते. ज्यांच्या घरांविषयी ते आहे त्यांच्या भाषेत आणि आवाक्यात ते नसते.

अशा ग्रंथांच्या किमतीचा प्रश्न जगभरचाच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये खटला भरला तो यातूनच, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासासाठीच्या प्रतींना मोकळीक दिली. केंद्राने २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर करून तीन वर्षांसाठी सुमारे ६००० कोटी रुपये ठेवले. त्यातून मिळतात प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिके, आणि तीही सरकारी संस्थांना. त्याच वर्षी जाहीर झालेल्या ‘अस्मिता’ योजनेत पाच वर्षांत भारतीय भाषांतून २२००० पुस्तके काढण्याचे उद्दिष्ट आहे. यंत्राने केलेल्या अनुवादावर भर देऊन हा आकडा गाठता येईल, पण समाजशास्त्राचा मजकूर तपासायला प्रत्येक भाषेत माणसे बसवावीच लागतील. नाही तर १९७० च्या दशकातल्या कच्च्या अनुवादांची मोठी आवृत्ती निघेल.

सरकारी मंडळांकडे एक मोलाची गोष्ट तयार आहे. विश्वकोशाचे सर्व खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात आणि साहित्य संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके तशीच खुली आहेत. मोहोपाड्याच्या विद्यार्थ्याला मोबाइलवर ती मिळतात, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नव्या संशोधनग्रंथांना हीच वाट मोकळी करायची तर संपादक, परीक्षक आणि सूचीकार यांच्या मानधनाची तरतूद मंडळांनी स्वतःच्या अंदाजपत्रकात करायला हवी. विद्यापीठांनी गुणांकनात ग्रंथाला निबंधाच्या कितीतरी पट वजन द्यायला हवे. अनुवादाचीही तीच गत आहे. ‘फायटिंग इव्हिक्शन’सारखे एखादे पुस्तक कर्जत–खालापूरच्या प्राध्यापकाने संपूर्ण मराठीत आणले, तर आजच्या तक्त्याप्रमाणे त्याला ८ गुण मिळतील, एका शोधनिबंधापेक्षा दोन कमी.