वस्तीचे नाव आणि 'नव' हा उपसर्ग

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गावे, वस्त्या व रस्ते यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचविले होते. हेतू स्तुत्यच होय. ज्या मुलीच्या पत्त्यातच तिची जात लिहिलेली असते, तिला ती शाळेत, टपालात, नोकरीच्या अर्जात पुनःपुन्हा उच्चारावी लागते. हे दुःख आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही.

परंतु बदलावयाच्या नावांच्या त्याच यादीत 'बौद्धवाडा' हेही नाव आहे. बौद्ध ही जात केव्हापासून झाली? शासनाने येथे चूक केली, असे एकदम म्हणवत नाही. शासनाने गावची बोली तेवढी नोंदविली. चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एखाद्या गावी 'बौद्धवाडा कोठे?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्याच्या मनात त्रिशरण-पंचशील नसते, वेशीबाहेरची जुनी जागाच असते. शब्द बदलला, पाहणारी नजर तीच राहिली. उद्या 'भीमनगर' या नावाचेही तसेच होणार नाही, याची हमी कोणत्याही शासननिर्णयात मिळत नाही.

दुसरा प्रश्न 'नवबौद्ध' या शब्दाचा. शासनाने 'दलित वस्ती' हा शब्द योजनेच्या नावातून काढला आणि त्या जागी 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास' असे लिहिले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्यांची नातवंडे आज विहारात वंदना म्हणतात. तरी ती नवीच! १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हा संसदेने हिंदू व शीख यांच्या जोडीस नुसते 'बौद्ध' असे लिहिले. संसदेला जो उपसर्ग लागला नाही, तो आमच्या राज्याच्या कागदांना का लागावा?

इतरांनी ठेवलेले गोड नावही नाकारता येते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याची तरतूद आली. भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहातून बाहेर पडले.

येथवर दोष इतरांचा झाला. विनयपिटक मात्र आम्हांलाही सोडीत नाही. भिक्षु-पातिमोक्खातील दुसरे पाचित्तिय 'ओमसवाद', म्हणजे अपमानकारक बोलणे, याविषयी आहे. जात, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, व्याधी, शरीरचिन्ह अशा दहा आधारांवर दुसऱ्यास हिणविणे तेथे दोष ठरते. क्षत्रिय, ब्राह्मण असे उच्च शब्द खिजविण्यासाठी वापरले तरी दोष लागतो, आणि निव्वळ थट्टेत बोलले तरी 'दुब्भासित' होते. ही सूक्ष्मता आजच्या कायद्याच्या भाषेतही क्वचितच दिसते. षड्वर्गीय भिक्षूंना समज देताना तथागतांनी नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. शंभर गाड्या ओढण्याची पैज लागली असता धन्याने त्याला 'लबाड' म्हणून हाकारले. बैल जागचा हलला नाही, धनी हजार हरला. पुढे 'भद्र' म्हणताच त्याने त्या सर्व गाड्या ओढल्या. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या खानदेशात ही कथा कोणालाही कळेल.

आमच्याच वाचनवर्गात ती एकदा वाचली गेली. वर्ग सुटल्यावर आमच्यापैकीच एकाने बाहेर मोळी घेऊन उभ्या असलेल्या, सातपुड्यातून उतरलेल्या वृद्ध गृहस्थांना 'ए भिल्ला' अशी हाक मारली. ते गृहस्थ पावरा होते. वयाने आमच्या वडिलांएवढे. पावरा, बारेला, तडवी हे भेद तालुक्यात राहणाऱ्यास ठाऊक नसावेत असे नाही. त्यांची गरज वाटत नाही, एवढेच. 'नव' या उपसर्गाने आम्ही दुखावतो आणि 'ए' या एका अक्षराने दुसऱ्यास दुखवितो. त्या दिवशी आम्ही कोणी त्यास टोकले नाही. त्यांचे नाव विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. मोळीचा भाव तेवढा विचारला गेला.